नवा गेमिंग पीसी सारखा क्रॅश होतोय: ग्राफिक्स कार्ड परत करण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी. तीन आठवड्यांपूर्वी पीसी स्वतः जोडला. रायझन ७ ७८००एक्स३डी, आरटीएक्स ४०७० टीआय सुपर, ७५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १६ जीबीच्या चार स्टिक मिळून ६४ जीबी डीडीआर५, वेग ६०००. रॅमचे दोन-दोन स्टिकचे दोन पॅक वेगवेगळ्या वेळी घेतले. गेम लावला की कधी दहा मिनिटांत तर कधी दीड तासाने मशीन पडतं. कधी निळी स्क्रीन येते, कधी गेम गुपचूप बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, आणि एकदा तर गेम चालू नसताना ब्राउझरचा टॅबच मेला. निळ्या स्क्रीनवर दर वेळी निराळा मजकूर. दोनदा फॉरमॅट मारून झालं, ग्राफिक्सचे तीन ड्रायव्हर बदलून झाले. मित्र म्हणतात कार्ड गेलंय. कार्ड परत करू का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. निदान आज तरी नको. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत दोन अशा आहेत की माझं बोट थेट रॅमकडे जातं: चार स्टिक, आणि दर वेळी वेगळा मजकूर. ग्राफिक्स कार्ड खराब असतं तेव्हा ते सहसा एकच रडगाणं पुन्हा पुन्हा गातं. रोज नवी तक्रार करणारं मशीन बहुतेक वेळा रॅमचं किंवा प्रोसेसरचं दुखणं घेऊन बसलेलं असतं. पण हे माझं अनुमान झालं. ते पडताळायचं कसं आणि चुकलं तर पुढे कुठे बघायचं, ते सांगतो.

आधी एक सवय लावून घ्या. मशीन 'क्रॅश झालं' एवढ्यावर थांबू नका, ते कसं पडलं ते कागदावर लिहा. तारीख, वेळ, काय चालू होतं, आणि शेवटच्या दोन सेकंदांत काय दिसलं, काय ऐकू आलं. पडण्याच्या तऱ्हा वेगळ्या आणि त्यांचे गुन्हेगारही वेगळे. वीज गेल्यासारखं सगळं एका क्षणात बंद झालं, पंखेही थांबले, तर पॉवर सप्लाय, त्याच्या केबल, कूलर किंवा कॅबिनेटमधलं शॉर्ट सर्किट. त्यातही भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय मशीन उठलंच नाही, तर पॉवर सप्लायने स्वतःचं संरक्षण म्हणून मान टाकली असं समजा. स्क्रीन काळी झाली, पण हेडफोनमधून मित्रांचा आवाज येतच राहिला, कार्डाचे पंखे मात्र जोरात फिरायला लागले, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या वीजजोडणीवर. चित्र जागच्या जागी गोठलं आणि आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर प्रोसेसर, रॅम, कधी एसएसडी. निळी स्क्रीन आली तर विंडोजने निदान मरताना दोन शब्द तरी सांगितले, असं म्हणायचं.

हे शब्द वाचायला मिळावेत म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये जा. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही खूण काढून टाका. नाहीतर निळी स्क्रीन चमकून जाते आणि आपण म्हणतो मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे लाल खुणेची 'कर्नल पॉवर ४१' नावाची नोंद तुम्हाला नक्की दिसेल, आणि ती वाचून बहुतेक जण थेट पॉवर सप्लाय बदलायला धावतात. अहो, ती नोंद म्हणजे नुसता पंचनामा आहे. 'मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं' एवढंच ती सांगते, का पडलं ते सांगत नाही. मात्र तिच्या डिटेल्स टॅबमध्ये 'बगचेक कोड' नावाचा आकडा असतो, तो कामाचा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज गेली, रिसेट झालं किंवा मशीन पार गोठलं. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचाच कोड, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला. १० म्हणजे 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', २६ म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट', ८० म्हणजे 'पेज फॉल्ट', २७८ म्हणजे 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर', २९२ म्हणजे 'व्हीया अनकरेक्टेबल एरर'. तीन-चार क्रॅशचे आकडे शेजारी शेजारी लिहा. १०, २६, ८० असे आलटून पालटून येत असतील तर रॅम. सारखा २७८ येत असेल तर तुमचे मित्र बरोबर आणि मी चूक. सारखा २९२ असेल तर प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा मदरबोर्डाकडे बघायचं.

त्याच यादीत 'व्हीया लॉगर' नावाच्या नोंदी शोधा. हार्डवेअरने स्वतः केलेली ती तक्रार असते, त्यामुळे तिचं वजन जास्त. क्रमांक १८ म्हणजे जीवघेणी चूक, १९ म्हणजे झालेली पण सावरलेली चूक. १८ च्या नोंदीत 'प्रोसेसर एपीआयसी आयडी' हा आकडा असतो. तो दर वेळी तोच असेल तर प्रोसेसरचा एक विशिष्ट कोअर कच खातोय. दर वेळी बदलत असेल तर दोष एका कोअरचा नाही, सगळ्यांना मिळणाऱ्या व्होल्टेजचा किंवा रॅमचा असण्याची शक्यता अधिक.

विंडोज फोल्डरातल्या मिनीडंप फोल्डरमध्ये डंप फाइली, म्हणजे पडतानाच्या क्षणाच्या नोंदी असतात, त्या विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने उघडता येतात. उघडा जरूर, पण तिथे 'एनटीओएस कर्नल' हे विंडोजच्या गाभ्याचं नाव दिसलं म्हणून विंडोज खराब आहे असं समजू नका. घरात कुणीही काही सांडलं तरी शेवटी फडकं घेऊन जी व्यक्ती उभी असते, तिच्यावर आळ घेण्यातला प्रकार आहे तो. आणि निळी स्क्रीन येऊनही डंप फोल्डर रिकामाच राहत असेल, तर ती रिकामी जागा हीच एक खूण आहे. डंप लिहायला एसएसडी जागेवर लागतो. तोच गायब झाला असेल तर लिहिणार कुठे? अशा वेळी एसएसडी काढून पुन्हा नीट बसवा, स्क्रू आवळा आणि त्याचं फर्मवेअर अद्ययावत आहे का ते बघा.

आता रॅम. इथे जरा सावकाश जाऊ, कारण नव्या जोडलेल्या मशीनवर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष हाच आहे, आणि यात बहुतेक वेळा एकही वस्तू 'खराब' नसते.

पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं, आपण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सपो चालू करतो आणि समजतो की रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालतेय. तसं नाही. एक्सपो काय किंवा इंटेलकडचं एक्सएमपी काय, हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणंच आहे, फक्त एका बटणात बांधून दिलेलं. ६००० हा रॅम बनवणाऱ्याचा दावा. तो वेग तुमच्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला आणि तुमच्या मदरबोर्डालाही झेपला पाहिजे. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार स्टिकना फक्त ३६००. पुन्हा वाचा: चार लावल्या की ३६००. तुम्ही चार स्टिक ६००० वर पळवताय. काही जणांच्या मशीनवर ते चालतंही, पण तो नशिबाचा भाग, हक्काचा नाही.

त्यात तुमचे दोन पॅक वेगवेगळ्या वेळी घेतलेले. पॅकमधल्या दोन स्टिक एकमेकींसोबत तपासलेल्या असतात, दुसऱ्या पॅकशी त्यांची ओळखही नसते. नाव तेच, मॉडेल क्रमांक तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात. एकसारख्या दिसणाऱ्या चार स्टिकपैकी दोनवर एका बनावटीच्या आणि दोनवर दुसऱ्या बनावटीच्या चिप मी स्वतः पाहिल्या आहेत, खोक्यावर एका अक्षराचाही फरक नव्हता.

म्हणून पहिलं काम: बायोसमध्ये जाऊन एक्सपो बंद करा. बाकी कशालाही हात लावू नका. रॅम हळू चालेल, गेममध्ये थोडे फ्रेम कमी पडतील, पडू देत. दोन-तीन दिवस नेहमीसारखं खेळा. क्रॅश थांबले, तर अर्धी केस तिथेच संपली आणि कार्ड निर्दोष सुटलं. कमी झाले पण थांबले नाहीत, तर एखादी स्टिक खरोखर खराब असू शकते. तसूभरही फरक पडला नाही, तर रॅमवरचा संशय बराच सैल करून पुढे जायचं.

दुसरं काम याच्याशी जोडलेलंच. दोन स्टिक काढून ठेवा, एकाच पॅकच्या दोन ठेवा आणि त्या योग्य स्लॉटमध्ये आहेत ना ते बघा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डावर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. अनेक बोर्डांवर फक्त एकाच बाजूला खटका असतो आणि फसगत होते ती नेमकी दुसऱ्या बाजूला: खटक्याकडचा 'टक' असा आवाज ऐकून माणूस खूश होतो आणि बिनखटक्याचं टोक केसभर वर राहतं. वाकून, टॉर्च मारून, स्लॉटच्या रेषेला समांतर नजर लावून बघा. सोनेरी पट्टी एका बाजूला थोडी जास्त दिसली की समजा बसलेली नाही.

आणि घाबरू नका, रॅम बदलल्यावर एएम५ बोर्ड (तुमच्या रायझनच्या सॉकेटचा) पहिल्यांदा सुरू होताना काळी स्क्रीन दाखवून काही मिनिटं नुसता बसून राहतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. याच वेळी अनेक जण 'मेलं वाटतं' म्हणून पॉवर बटण दाबून धरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका, पिऊन या.

आता चाचणी. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ६४ जीबीला रात्रभर लागू शकते. एक सुद्धा एरर चालत नाही. 'कोट्यवधी वेळा लिहिलं-वाचलं, त्यात दोनच चुका' असा हिशेब रॅमला लागू नाही. त्या दोन चुका कुठल्या फाइलवर, कुठल्या गेमच्या कोणत्या आकड्यावर पडतील ते कुणाच्या हातात नसतं. एरर आली तर एकेक स्टिक ए२ मध्ये एकटी लावून तपासा. एकटी पास, जोडीने नापास असं झालं तर दोष स्टिकचा नाही, वेगाचा किंवा जोडीचा.

उलट बाजूही सांगतो. मेमटेस्ट पास झाली म्हणजे रॅम सुटली असं नाही. त्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड आपली गरम हवा थेट रॅमच्या अंगावर सोडतं आणि डीडीआर५ला ताप सोसत नाही. प्रत्येक डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि व्होल्टेज दाखवणाऱ्या साधनात तो दिसतो. क्रॅश कायम तासाभराने, मशीन चांगलं तापल्यावरच होत असेल, तर कॅबिनेटचं झाकण काढून, बाहेरून पंखा लावून एकदा खेळून बघा. गावठी प्रयोग आहे, पण पैसे लागत नाहीत आणि उत्तर एका बैठकीत मिळतं.

तुमच्या दोन फॉरमॅटबद्दल बोलायचं राहिलं. विंडोज टाकताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅमच डळमळीत असेल तर नव्या विंडोजच्या फाइलीही लिहितानाच बिघडू शकतात. म्हणजे फॉरमॅट मारून तुम्ही रोग घालवला नाहीत, रोग्याला त्याच आजाराची ताजी लागण दिलीत. रॅम स्थिर झाल्याची खात्री पटेपर्यंत फॉरमॅटच्या वाटेला जाऊ नका, आणि खात्री पटली की मात्र एकदा स्वच्छ टाकाच. नाहीतर दुरुस्त झालेल्या मशीनवर जुन्या बिघडलेल्या फाइली क्रॅश घडवत राहतील आणि तुम्ही पुन्हा हार्डवेअर शोधत बसाल.

बायोस अपडेटचीही अशीच एक गंमत. अपडेट कराच, कारण एएम५ बोर्डांच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमचा गोंधळ बराच होता. शिवाय २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जादा एसओसी व्होल्टेजमुळे (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज) जळाल्यावर ते १.३ व्होल्टच्या आत ठेवणारे बायोस आले. तुमच्या प्रोसेसरवर त्यापूर्वीचा बायोस असणं बरं नाही. अपडेट करताना एक्सपो बंद ठेवा, डळमळीत रॅमवर बायोस लिहायला जाणं म्हणजे हलत्या शिडीवर उभं राहून बल्ब बदलणं. गंमत पुढे आहे. अपडेट झाल्यावर सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात, एक्सपो आपोआप बंद होतं, क्रॅश थांबतात आणि माणूस सगळ्यांना सांगत सुटतो की नव्या बायोसने काम झालं. चार दिवसांनी आठवण होऊन एक्सपो लावतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

समजा रॅम निर्दोष निघाली. मग पॉवर सप्लाय. तुमच्या बाबतीत वॉटची चिंता नाही. ४०७० टीआय सुपर २८५ वॉटचं कार्ड, एनव्हिडिया त्याच्यासाठी ७०० वॉटचा सप्लाय सुचवते, आणि ७८००एक्स३डी गेममध्ये फारसं खातच नाही. प्रश्न असतो जोडणीचा. कार्डासोबत मिळालेल्या अडॅप्टरला आठ पिनची दोन तोंडं आहेत. त्या दोन तोंडांना पॉवर सप्लायकडून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला पुढे फुटलेली दोन डोकी लावून भागवू नका. आठ पिनच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॉट आहे, आणि कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतं. या उड्या पचवता याव्यात म्हणूनच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं, त्यात सप्लायने अगदी क्षणभर दुप्पट भार सोसावा अशी अट आहे. जुन्या घडणीचा सप्लाय कागदावर पुरेसा असूनही अशा उडीला घाबरून बंद पडू शकतो.

कार्डाच्या बाजूचं १६ पिनचं तोंड विशेष बघा. प्लग आणि सॉकेट यांच्यात रेष सुद्धा दिसता कामा नये, नख घालून बघा, जात असेल तर पूर्ण बसलेलं नाही. जोडणीपासून निदान तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ येऊ द्या, काच बंद करण्यासाठी तिला तिथेच मुरड घालू नका. अर्धवट बसलेलं हे तोंड काळ्या स्क्रीनचं कारण ठरतं आणि पुढे जाऊन वितळूही शकतं.

एक इशारा, हवं तर भिंतीवर लिहून ठेवा: सुट्या केबलच्या पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या सप्लायला लावायची नाही. तोंड बसतं म्हणून चालेल असं नसतं. सप्लायकडच्या टोकाला कोणत्या पिनवर कोणतं व्होल्टेज याचं कसलंच मानक नाही. चुकलं तर १२ व्होल्ट भलतीकडे जातात आणि क्षणात ड्राइव्ह जळते.

आता एक माझ्याकडे आलेलं मशीन सांगतो. दोन-तीन दिवसांतून एकदा आपोआप रिस्टार्ट व्हायचं, कधी गेममध्ये, कधी नुसतं उभं असताना. बगचेक कोड कायम शून्य. मालकाने पॉवर सप्लाय बदलला होता, रॅम बदलली होती, मदरबोर्डही बदलून झाला होता. मी दोन दिवस सगळ्या चाचण्या चालवल्या, मशीन ढिम्म हललं नाही. तिसऱ्या दिवशी कॅबिनेट टेबलावर जरा सरकवलं आणि डोळ्यांदेखत रिस्टार्ट झालं. कॅबिनेटच्या रिसेट बटणाची स्प्रिंग आत अडकत होती, जरासा धक्का बसला की संपर्क व्हायचा. बोर्डावरची रिसेटची दोन पिनांची वायर उपसून काढली, आजपर्यंत ते मशीन पुन्हा रिस्टार्ट झालेलं नाही. तेव्हापासून आपोआप रिस्टार्टची तक्रार आली की मी पुढच्या पॅनलच्या सगळ्या वायरी काढतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना क्षणभर जोडून मशीन सुरू करतो. याच तक्रारीत दुसरं एक कारण सापडतं, ते मदरबोर्डाखालचं: कॅबिनेटमध्ये आधीपासून बसवलेला एखादा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब), जिथे बोर्डाला भोकच नाही अशा जागी. तो मागून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट करतो.

तापमानाचं लवकर आटोपतो, कारण आजकाल नुसत्या तापाने क्रॅश होणं कमी झालंय. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, अगदीच हाताबाहेर गेलं तरच बंद पडतो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे, गेममध्ये ७० ते ८० दिसलं तर काळजी नाही. सुरू केल्यावर दोन मिनिटांतच मर्यादेला भिडत असेल तर कूलर उतरवा आणि त्याच्या तळाची पारदर्शक प्लास्टिक फिल्म काढलीत का ते बघा. हसू नका, वर्षाला एक-दोन तरी मला भेटतातच. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावायची की फुलीसारखी, यावर लोक रात्र रात्र भांडतात. क्रॅशशी त्याचा काही संबंध नाही.

प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर लावून व्होल्टेज कमी केलं असेल तर ते शून्यावर आणा. या सेटिंगचा त्रास फसवा असतो. भार असताना मशीन छान चालतं आणि गेम बंद करून नुसतं डेस्कटॉपवर बसलं की पडतं, कारण कमी भारावर व्होल्टेज आणखी खाली जातं. तुमचा मेलेला ब्राउझर टॅब वाचून क्षणभर माझ्या मनात हेही आलं होतं.

ज्यांच्याकडे इंटेलचे १३ व्या किंवा १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर आहेत आणि जे हे वाचतायत, त्यांच्यासाठी वेगळी ओळ. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत होते. त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. यातलं विचित्र असं की अनेकांना गेम सुरू होताना, शेडर (कार्डावर चालणारे चित्राचे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर यायचा. वाचणारा साहजिकच कार्डावर घसरायचा आणि दोषी असायचा प्रोसेसर. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. तसा प्रोसेसर बदलूनच घ्यायला हवा.

आणि शेवटी कार्ड. विंडोज कार्डाला उत्तरासाठी दोन सेकंद देते. तेवढ्यात हालचाल दिसली नाही तर ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले ४१०१' अशी नोंद होते. अशा नोंदींची रांग असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने जुना ड्रायव्हर समूळ काढा आणि एकच नवा टाका, तीन-तीन एकावर एक नकोत. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनात पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून खेळा. क्रॅश थांबले तर कार्ड किंवा त्याची वीज, दोन्हीपैकी एक. केबल आधी बदलून बघा. कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा, किंवा बायोसमध्ये स्लॉट जेन ३ या जुन्या, हळू वेगावर आणा. जेन ३ च्या रायझरवर जेन ४ चं कार्ड चालवल्याने काळी स्क्रीन आल्याची मशीन मी बरीच पाहिली आहेत. खात्री करायचीच तर कुणाचं तरी चालू मशीन मिळवा आणि तुमचं कार्ड त्यात दोन तास चालवा. तिथेही पडलं तर परत करा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

बाहेर विचाराल तर लोक ढीगभर चाचण्या सुचवतील, प्राइम९५, ओसीसीटी, फरमार्क. चांगल्या आहेत, पण फरमार्क तासभर चाललं म्हणून कार्ड ठणठणीत ठरत नाही. ते एकसारखा सपाट भार टाकतं, गेममधला भार सतत वरखाली होतो आणि मशीन पडतं ते त्या चढउतारात. मला एकच चाचणी निवडायला सांगितली तर मी ओसीसीटीची बदलत्या भाराची चाचणी निवडेन, आणि दुसऱ्या खिडकीत एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये लिहायला लावेन. म्हणजे पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत तापमान आणि व्होल्टेज काय होतं ते हाताशी राहतं.

तर आज रात्री एवढंच करा: एक्सपो बंद, दुसऱ्या पॅकच्या दोन स्टिक बाहेर, उरलेल्या दोन ए२ आणि बी२ मध्ये, आणि झोपताना मेमटेस्ट लावून द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम इथे मी मुद्दाम मोडतोय, कारण आधी एक स्थिर पाया हवा. तो मिळाला की मग एकेक करत परत चढवायचं: पहिल्या दिवशी दोन स्टिकवर एक्सपो, ते टिकलं तर मेमटेस्ट पुन्हा, मग हव्या असतील तरच उरलेल्या दोन, त्याही एक्सपोशिवाय. माझं मत विचाराल तर गेमसाठी दोन स्टिकचे ३२ जीबी ६००० वर चालणं, चार स्टिकच्या ६४ जीबीपेक्षा केव्हाही बरं. ६४ खरंच लागत असेल तर ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एकच पॅक घ्या आणि हे दोन्ही काढून टाका.

सकाळी मेमटेस्टमध्ये एरर दिसली तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कोणती चाचणी आणि कितव्या फेरीत ते त्यात येऊ द्या. शून्य एरर असेल तर मागच्या चार क्रॅशचे बगचेक कोड मला लिहून पाठवा, आणि १६ पिनच्या तोंडाचा एक जवळून काढलेला फोटोही.